चिखलाची बातमी

रेसकोर्सच्या धुलाईखान्यात जॉकींचे रंगीत शर्ट धुणाऱ्या मावशीने नवरा गेल्यापासून एकही शर्यत पाहिली नव्हती. नवरा जॉकीच होता, आणि बेधडक. दोन घोड्यांमधल्या चिंचोळ्या फटीत त्याने आपला घोडा घातला आणि तिथेच संपला. तेव्हापासून शर्यत सुरू झाली की मावशी नळ मोठा सोडायची, बाहेरचा आरडाओरडा कानावरच नको. लेकही बापासारखा जॉकीच झाला. तिने समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

न पाहताही तिला शर्यत कळायची. पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल मागच्यांच्या अंगावर बसतो. छाती कोरी असली तर स्वारी पुढे होती, बरबटलेली असली तर मागे. "थोडक्यात गेली गं आई," असं लेक म्हणाला की ती ताट वाढता वाढता म्हणायची, "थोडक्यात? अर्धं मैदान छातीवर घेऊन आलास की!"

मग मातीची धावपट्टी उखडून मेण लावलेल्या वाळूची कृत्रिम धावपट्टी केली. पाणी साचत नाही, घोडे घसरत नाहीत, असं सगळे म्हणत. चिखल संपला. शर्ट येत ते सगळे सारखेच, नुसते घामट. धुलाईखान्यातल्या बाकीच्या बायका खूश झाल्या, मावशी मात्र धास्तावली. लेक वरचेवर हरत होता आणि विचारलं तर म्हणायचा, "जागाच मिळत नाही." जागा शोधता शोधता हा बापासारखा भलत्या फटीत घुसला तर?

शेवटी एका दुपारी तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच धावपट्टीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली.

मातीवर एखादा घोडा सुरुवातीलाच सुसाट सुटायचा. इथे सगळा घोळका एकमेकांना चिकटून दमाने चालला होता. "याहून आमची म्हातारी जोरात चालते," शेजारचे आजोबा करवादले. पण शेवटचं वळण आलं आणि सगळेच एकदम उधळले. आजोबा बाकावर चढून ओरडू लागले. मावशीची नजर लेकाचा शर्ट शोधू लागली.

लेकासमोर दोन घोड्यांमध्ये फट उघडली होती, एक घोडा सहज जाईल एवढी. त्याने त्या फटीकडे पाहिलं आणि लगाम खेचला. फट मिटली. भलताच घोडा जिंकला.

लेक घाबरला होता. मावशीला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी लेक भात चिवडत बसला. "फटच नव्हती, आई. बाबा असते तर..."

"नव्हतीच," मावशी म्हणाली. "मी कठड्याशीच उभी होते."

त्याचा हात ताटातच थांबला. "तू पाहिलीस शर्यत?"

"सगळी पाहिली. फट नव्हती. जेव आता."

मग त्याने ताट पुढे केलं आणि आणखी भात मागून घेतला.