सासूला न कळणारा मेसेज

लाटंबार्से गावच्या दवाखान्यातल्या नर्स कमलाक्षीला एकच धास्ती होती: मेसेज सासूच्या हाती लागला तर? गर्भनिरोधक गोळीची रोज मोबाइलवर आठवण करून देणारी सेवा तालुक्यात सुरू व्हायची होती आणि मजकूर तिने लिहायचा होता.

“गोळी हा शब्दच नको,” ती डॉक्टरांशी भांडली. “घरात फोन वाजला की जवळ असेल तो उचलून वाचतो. सुनांचे हाल कुत्रा खाणार नाही!”

शेवटी तिने लिहिलं, ‘जेवलीस गो? अबोलीला पाणी घाल.’ त्याचा अर्थ फक्त नाव नोंदवणाऱ्या बाईला सांगायचा, असं ठरलं.

पहिले मेसेज सुटले त्या संध्याकाळी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुणाच्या घरी बोभाटा तर झाला नसेल? इतक्यात स्वयंपाकघरात सुनेचा, समीक्षाचा फोन वाजला. कमलाक्षीने सवयीने उचलून वाचला.

‘जेवलीस गो? अबोलीला पाणी घाल.’

म्हणजे हिने गावातलं टाळून डिचोलीच्या दवाखान्यात गुपचूप नाव नोंदवलं होतं! आणि नातवंडासाठी कमलाक्षीने कालच देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. तालुक्यात हा मेसेज कळणारी सासू एकच होती.

“कुणाचा, आई?” दारातून समीक्षाने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

कमलाक्षीने फोन पालथा ठेवला. “अबोलीला पाणी घालायचंय म्हणे. जा, घालून ये.”

त्यांच्या अंगणात अबोली नव्हतीच. समीक्षा “हो” म्हणाली आणि खाली मान घालून आतल्या खोलीत गेली.