नारूची तहान

माझ्या सासऱ्याचं नाव राघोबा. तोंडावर मी त्याला मामंजी म्हणायची, पदर नाकापर्यंत ओढून. मनात मात्र राघोबाच म्हणायची, आणि इथं मनातलंच लिहिते आहे. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण हा जिवंत असतानाही त्याच्याविषयी कुणी वाईट बोललं नाही, म्हणून तर एवढा माजला.

राजेश्वरच्या बाजाराला लोक पायी जात अशा अंतरावर माझं सासर. राज्य निजामाचं. गावात मराठी, कानडी, दखनी तिन्ही चालायच्या, आणि तिन्हींत राघोबाला लोक 'नारूवाले अण्णा' म्हणायचे. नारू म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं, हे बरंच झालं. पाण्यातून पोटात जाणारा हा किडा. वर्षभर माणसाच्या अंगात मुकाट वाढायचा आणि उन्हाळ्यात पायावर फोड आणून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर पडायचा. आग अशी व्हायची की माणूस म्हणे, पाय तोडा पण हे थांबवा. ऐन पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव खाटेवर.

म्हणून आमच्याकडचे लोक नारूच्या गावाला पोरगी देत नसत. माझं माहेर उदगीरच्या बाजूचं. माझ्या बापानं चौकशी केली तेव्हा त्याला सांगण्यात आलं, गावात नारू आहे, पण राघोबाच्या घरात आजवर एकालाही झाला नाही. वैद्याचंच घर ते. बाप खूश झाला आणि त्यानं मला तिथं देऊन टाकलं.

हा वैद्य म्हणजे कसा, तर उंच, मिशांना तेल, कानात भिकबाळी, खांद्याला मुळ्यांची झोळी. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, त्यामुळे नांगराला हात लागण्याचा प्रश्नच नव्हता. विद्या म्हणाल तर पोटातल्या जंतांची. वावडिंग आणि पळसाच्या बिया कुटून गुळात द्यायच्या, सकाळी वरून एरंडेल. खोटं कशाला बोलू, औषध लागू पडायचं. पोरांच्या पोटातून जंत पडायचे आणि पोरं जेवायला लागायची. पण ते औषध काही राघोबाचं नव्हतं. आमच्या आज्या-पणज्याही तेच द्यायच्या. राघोबानं त्यात चिमूटभर हिंग घातला आणि त्याला गुप्त विद्या म्हणायला लागला.

माणसाला एका गोष्टीत यश आलं की तो दहा गोष्टींत नाक खुपसतो. राघोबाचं डोकं असं चाललं, "पोटातला किडा पडतो तर पायातला कामून पडणार न्हाई? किडा तो किडा."

मग त्यानं नारूवर औषध काढलं. धोत्र्याची पानं, शेवग्याची साल, आणि तिसरी एक मुळी, जिचं नाव तो कुणाला सांगत नसे. म्हणे स्वप्नात एका बैराग्यानं दाखवली. मी लग्न होऊन आले त्या महिन्यातच मला कळलं की ती मुळी म्हणजे आमच्याच परसातल्या कांद्याची मुळं होती. वाटून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, मला कसं नाही कळणार? पण त्या लगद्यानं काही बिघडत नव्हतं. बिघडवत होता तो त्याचा पुढचा शोध.

"नारूला तहान लागती," तो सांगायचा. "त्येला पाणी दाखवा, आपसूक भाईर येतोय."

गावाला पाणी एकाच बारवेचं. दगडी, पायऱ्यापायऱ्यांची. राघोबा रोग्याला तिथं खालच्या पायरीवर बसवायचा, पाय पाण्यात सोडायला लावायचा आणि स्वतः वरच्या पायरीवर उभा राहून काहीतरी पुटपुटायचा. दुर्दैव असं की नारू खरंच डोकं बाहेर काढायचा. आग थंड व्हायची. रोगी हात जोडायचा. आणि शेजारच्या पायरीवर बायका त्याच पाण्यात घागरी बुडवत असायच्या. नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो, ती पिल्लं घागरीत आणि घागरीतून गावाच्या पोटात. पुढच्या उन्हाळ्याला रोगी वाढलेले. राघोबा छाती काढून म्हणायचा, "औंदा नारूचा जोर लई हाय. म्या हाय म्हणून गाव तगलंय."

लबाड असता तर मला त्याचा इतका तिटकारा आला नसता. लबाडाला आपण काय करतोय ते निदान ठाऊक असतं. हा आपल्या हातानं गावाला रोग पाजत होता आणि पाजताना गावाकडून पाया पडून घेत होता.

आता तुम्ही विचाराल, मग त्याच्या घरात नारू का नव्हता? त्याचं कारण माझी सासू, सोजराबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची. तिला पाण्यात काडी दिसली तरी ओकारी यायची, लहानपणापासूनची खोड. म्हणून ती जुन्या लुगड्याच्या चार घड्या करून रांजणाच्या तोंडाला बांधायची आणि घागर त्यातूनच ओतायची. नारूबिरू तिच्या डोक्यातही नव्हता. राघोबानं ते फडकं कधी पाहिलंच नव्हतं. तांब्या हातात आयता मिळतो, तो भरतो कुठून हे बघायची त्याला गरज काय?

जर्मनशी दुसरी मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत बीदरहून आरोग्य खात्याचा एक माणूस आला. अच्युतराव नाव. खाकी टोपी, सोबत चपराशी, आणि बोलणं सगळं पुस्तकी. त्याचंही मला फारसं कौतुक नाही. गावाचं पाणी प्यायला लागू नये म्हणून स्वतःची सुरई घेऊन आला होता आणि तिच्यातलं पाणी सगळ्यांच्या देखत पीत होता. पण बोलला ते खरं. आमच्याच ओसरीवर गाव जमलं होतं, आम्ही बायका दाराआड. तो म्हणाला, "नारूची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, पण पाण्यातूनच पोटात जातात. नारूचा रोगी बारवेत उतरता कामा नये. आणि पाणी गाळून प्या. बस, इतकंच."

लोक हसले. डोळ्याला न दिसणारा किडा फडक्यात कसा अडकणार? तेव्हा त्यानं विचारलं, "गावात असं एकही घर आहे का, जिथं कधीच नारू झाला नाही?"

सगळ्यांनी राघोबाकडे बोट दाखवलं. राघोबानं मिशीला पीळ दिला.

अच्युतराव उठला, "पाणी कुठं ठेवता?" म्हणून थेट आत आला आणि रांजणासमोर उभा राहिला. मग वळून ओरडला, "या सगळे! बघा! हेच मी सांगतोय. या घरात नारू नाही तो औषधानं नव्हे, या फडक्यानं!"

गाव दारात दाटलं. राघोबा पहिल्यांदाच आपल्या घरचा रांजण बघत होता. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. इतकी वर्षं तो ज्या गोष्टीवर मिरवला, ती बायकोच्या फाटक्या लुगड्याची निघाली. शहाणा माणूस असता तर हसला असता, म्हणाला असता, बरं झालं कळलं. राघोबानं पुढं होऊन फडकं ओढून काढलं आणि चुलीत घातलं.

"माझी विद्या लुगड्यात हाय व्हय?" तो गरजला. "आजपासून ह्या घरात गाळणं न्हाई. बघूच कसा होतोय नारू. आन् सोजरे, पुन्हा फडकं दिसलं तर तुझं माहेर अन् तू."

आत्याबाई चुलीपाशी बसून पीठ मळायला लागली. नवऱ्यापुढं ती कधीच बोलत नसे.

मला तेव्हा दिवस गेलेले होते. त्याच आठवड्यात भाऊ गाडी घेऊन न्यायला आला आणि मी पहिलटकरीण म्हणून माहेरी गेले. बाळंत होऊन, दिवाळी करून, पोराला घेऊन परत आले तर रांजणाचं तोंड तसंच उघडं. मी सामान खाली ठेवायच्या आधी माझ्या लुगड्याचा पदर फाडला आणि बांधला. राघोबा ओसरीवरून ओरडला. मी आतून म्हटलं, "मामंजी, माझ्या लेकराला ते पाणी पाजायचं न्हाई. मला माहेरी पाठवायचं तर पाठवा, गाडी अजून दारातच हाय." नातू पहिलाच होता, म्हणून त्यानं फडकं राहू दिलं. पण जे पोटात गेलं होतं ते गेलंच होतं.

चैत्रात आत्याबाईच्या गुडघ्यावर फोड आला. पुढं नारूनं डोकं काढलं.

नारू काढायची रीत सगळ्या खेड्यांना माहीत होती. काडीला त्याचं टोक गुंडाळायचं, रोज जेवढा येईल तेवढाच ओढायचा. घाई केली की तुटतो, आणि तुटला की आत सडतो. राघोबालाही हे माहीत होतं. पण गावाचे डोळे आता त्याच्या दाराकडे लागले होते. नारूवाल्याच्या बायकोला नारू! तो लवकर संपवायला हवा होता. धोत्र्याचा लगदा लावला, मंत्र पुटपुटला, आणि एका सकाळी माझ्यादेखत चिमटीत धरून हिसका दिला. नारू तुटला. आत्याबाईनं तोंडात पदर कोंबला.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. पू वाहिला, ताप आला. महिन्यानं ताप गेला, पण गुडघा गेला तो कायमचा. पुढं आयुष्यभर ती एक पाय लाकडासारखा ओढत चालली. राघोबा लोकांना सांगायचा, "तिनं पथ्य पाळलं न्हाई."

आणि मग देवाला जरा न्याय आठवला. राघोबाच्या घोट्यावर फोड आला.

आधी त्यानं लपवला. धोतर खाली सोडून चालायचा, विचारलं तर म्हणे पाय मुरगळला. पण नारूची आग लपत नाही. एका दुपारी ऊन टळटळीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तेव्हा तो लंगडत बारवेकडे निघाला. मी पोराला काखेत घेऊन दारात उभी होते. आत गेले आणि आत्याबाईला सांगितलं. ती उठली. माझ्या खांद्यावर हात टाकून, तो ताठ पाय ओढत, बारवेपर्यंत आली. आम्हाला जाताना बघून शेजारची शांतम्मा आणि आणखी दोघी घागरी घेऊन मागून आल्या.

राघोबा पाण्यापाशी पोचला होता. पाय सोडणार, एवढ्यात वरून आत्याबाई म्हणाली, "पाय मागं घ्या."

तो दचकला. तिचा आवाज त्यानं कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. मीही नाही.

"अगं, आग व्हायलीय," तो म्हणाला. "नारूला तहान लागलीय."

"लागू द्या. ह्ये पाणी माझ्या नातवाच्या तोंडाला लागायचंय. वर या, न्हाईतर ह्या गुडघ्यानं खाली येते म्या."

शांतम्मानं घागर ठेवली आणि कानडीत काहीतरी म्हणाली, ते मी इथं लिहीत नाही. राघोबा एकेक पायरी चढून वर आला. ज्या माणसानं सगळी पंचक्रोशी त्या पायरीवर आणून बसवली, त्याला तिथं बसू दिलं नाही. तो रडत होता. मला दया आली का? नाही आली.

घरी आत्याबाईनं त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. काडी आणली. रोज सकाळी अंगणात बसून ती बोटभर गुंडाळायची आणि थांबायची. तो आरडायचा, "ओढ की!" ती ओढत नसे. पावसाळा लागता लागता नारू अखंड निघाला. राघोबाचा पाय धड झाला, काही झालंच नाही असा. तिचा गुडघा ज्यानं घालवला त्याचा पाय तिनं वाचवला. एवढं चांगलं असू नये माणसानं, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "लंगडा झाला असता तर त्येचं सगळं मलाच बघावं लागलं असतं."

यानंतर तरी त्यानं गप्प बसावं ना? चार-सहा महिने बसला. मग एक दिवस मादन हिप्परग्याकडचा कोणी नारूचं औषध विचारत आला. राघोबानं आधी आत्याबाई कुठं आहे ते पाहिलं. मग आवाज खोल करून म्हणाला, "बैराग्यानं पुन्हा दर्शन दिलं. फडकं बांधायचं रांजणाला. पर साधं न्हाई. माझ्या मुळीच्या पाण्यात बुडवलेलं, चार घड्यांचं. अन् नारू झालेल्यानं बारवेत पाय टाकला की विद्या उतरती."

आयत्या बिळावर नागोबा! आत्याबाईची जुनी लुगडी फाडून, कांद्याच्या पाण्यात बुडवून तो लोकांना वाटायला लागला. तिची पेटी रिकामी केली त्यानं. आणि लोकांनी ऐकलं! अच्युतराव खरं बोलला तर हसले होते, आत्याबाईला तर कुणी विचारलंच नाही, आणि या मूर्खाचं सगळ्यांनी ऐकलं. घरोघरी फडकी बांधली गेली. निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास आमच्या गावात नारूचा एकही रोगी उरला नव्हता. मी रागानं फणफणायची. आत्याबाई म्हणायची, "गाळून पितेत न्हवं? मग कुणाच्या का नावानं पिईनात."

आत्याबाई आधी गेली, राघोबा मागून. गावानं बारवेच्या तोंडाशी त्याच्या नावाचा दगड बसवला, शेंदूर लावला. आत्याबाईच्या नावाचा खडाही कुठं नाही. दर चैत्रात बायका त्या दगडाला नवं कोरं फडकं गुंडाळून नमस्कार करतात.

सगळ्या घरी गेल्या की मी जाते आणि ते फडकं सोडून आणते. कापड चांगलं असतं. रांजणाच्या तोंडाला चार घड्या नीट बसतात.