पाकीट टेकवायची सवय

चहा गार होऊ देऊ नका, पण ऐका. मध्यंतरी पंचवटीतल्या निम्म्या लोकांनी मला वेड लागलंय असं ठरवलं होतं. आणि खरं सांगू? चूक त्यांची नव्हती.

माझी बायको शैला गेली त्याच वर्षी लेकीनं मला दोन महिने हाँगकाँगला नेलं. जावयाची तिथे नोकरी. मीनलनं पहिल्याच दिवशी माझ्या पाकिटात, शैलाच्या फोटोमागे, एक कार्ड सरकवलं. ते होतं तिथल्या रेल्वेचं आणि बसचं, पण त्यावर पाव मिळे, दूध मिळे, पेपर मिळे. "बाबा, कार्ड बाहेर काढूच नका," ती म्हणाली. "पाकीट उघडून यंत्रावर नुसतं टेकवायचं. टीं वाजलं की निघायचं."

माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठं सुख कोणतं? आयुष्यभर बाजार शैलानं केला. मला नुसतं 'केवढ्याला' विचारायचं म्हटलं तरी मी दुकानापुढून आधी दोन चकरा मारतो. तिथे बोलायचंच नाही. टेकव, टीं, चल. पंधरवड्यात हात असा बसला की एकदा पाणी घ्यायच्या आधी मी जावयाच्या फ्रिजलाच पाकीट टेकवलं.

नाशिकला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, भाजीबाजारात गेलो. शैला जिच्याकडून भाजी घ्यायची त्या हिराबाईसमोर उभा राहिलो. मेथीची जुडी उचलली, पाकीट उघडलं आणि तिच्या तराजूच्या पारड्यावर टेकवलं.

नेमका तेव्हाच मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. पीं. माझ्या कानाला तेवढं पुरलं. जुडी पिशवीत टाकून चालू लागलो.

हिराबाईनं हाकसुद्धा मारली नाही. घरी पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसाच उलट पावली गेलो, पैसे दिले, माफी मागितली. ती हळूच म्हणाली, "असू द्या भाऊ. घरातलं माणूस गेल्यावर व्हतं असं." मला वाटलं, विसरभोळेपणाबद्दल बोलतेय.

पण हाताची सवय अशी जाते का? डेअरीच्या काचेवर टेकवलं. शहर बसच्या दारातल्या दांड्याला टेकवलं, तर कंडक्टरनं एका कॉलेजकुमाराला उठवून मला बसवलं. देवळातल्या दानपेटीला टेकवलं, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. डेअरीवाला दह्यावरची साय न मागता वाढून देऊ लागला. मी म्हटलं, वा, परदेशी जाऊन आलेल्या माणसाला अजून मान आहे!

शनिवारी सिन्नरहून ताई आली. थोरली बहीण. एसटीनं आली ती एक मोठी, रिकामी बॅग घेऊन. शेजारणीनं तिला फोन केला होता. शैलाचा फोटो दिसेल त्याला दाखवत फिरतोस, आता एकट्यानं राहायचं नाही, उद्या माझ्याबरोबर चलायचं, असं तिनं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं.

ताईच्या घरी माया भरपूर आहे. पण माझ्या गॅलरीत शैलानं लावलेला कढीपत्ता आहे. मला हे घर सोडायचं नव्हतं.

"अगं, ते कार्ड असतं," मी म्हटलं.

"कसलं?"

"रेल्वेचं."

"रेल्वेच्या पासावर मेथी घेतोस?"

"इथे नाही गं. तिथे."

"मग इथे कशाला टेकवतोस?"

काय सांगणार? म्हटलं, दाखवतोच. पाकीट उघडलं, फोटोमागे बोट घातलं. बोट आरपार गेलं. मग आठवलं. विमानतळावर मीनलनं कार्ड काढून घेतलं होतं, 'पुढच्या वेळी देते' म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत! म्हणजे इतके दिवस मी खरोखरच नुसता बायकोचा फोटो टेकवत गावभर फिरत होतो.

 ताई उठली आणि माझे शर्ट बॅगेत भरू लागली.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला भाजी हवी म्हणून आम्ही दोघं बाजारात गेलो. हिराबाईनं विचारलं तशी ताईनं सगळं सांगितलं, याला सिन्नरला नेतेय म्हणून. हिराबाई मेथीवर पाणी मारता मारता थांबली.

"येडे नाय वो ते, ताई. वहिनीला इचारून भाजी घेतात. इतकी वर्सं माझी भाजी तिनंच पारखली. यांना काय कळतंय त्यातलं? इचारलेलं बरंच हाय."

 ताई माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "शैला लक्ष ठेवून असेल, तर माझं काय काम?"

खरी हकीकत माझ्या अगदी जिभेवर आली होती. गिळली. दुसऱ्या दिवशी ताई परत गेली, बॅग रिकामीच घेऊन.

आता सवय मोडलीय. परवा मेथी घेतली, शहाण्या माणसासारखे सुटे पैसे मोजून दिले आणि निघालो. मागून हिराबाई म्हणाली, "भाऊ, वहिनीला इचारलं नाय?"

"आता मला कळतं त्यातलं," मी ऐटीत म्हटलं.

घरी येऊन जुडी सोडली. निम्मी जून निघाली.