दोन सीटांची लाल गाडी

बायको निवृत्त झाली आणि त्याच हिवाळ्यात म्हणाली, "मला उघड्या टपाची गाडी घ्यायची आहे."

तिने आयुष्यभर जळगावच्या कॉलेजात गणित शिकवलं. गाडी शिकली पन्नाशीनंतर. आमच्या जुन्या मोटारीत कायम कुणीतरी कोंबलेलं असायचं: मुलं, भाचरं, माझी आई, मांडीवर आंब्यांची टोपली.

"त्यात दोनच माणसं बसतात," मी म्हणालो.

"म्हणूनच."

धुळ्याला एक डॉक्टर अशी लाल गाडी विकत होते. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून एवढ्या खाली बसून परत उठणं त्यांना जमेना. कागदपत्रं झाली आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. बायकोने मधूनच हात पुढे केला. डॉक्टर जरा गडबडले, मग हसले.

"ताई, तिसरा गिअर अडतो. जोर लावू नका, क्षणभर थांबून टाका."

गाडी निघाली तसे ते काठी टेकत फाटकापर्यंत मागे आले. बायकोने हात हलवला, पण ते गाडीकडेच बघत होते.

टप उघडा ठेवूनच आम्ही जळगावकडे निघालो. ट्रकवाले वरून वाकून बघत. तिसऱ्या गिअरला दोनदा खर्रकन आवाज झाला. ती "सॉरी" म्हणाली, मला नव्हे, गाडीला. पारोळ्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. तिथे रिक्षाची वाट बघत बसलेले एक टोपीवाले आजोबा उठून आले आणि त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"अक्का, गाडीनं छप्पर कोठे गयं?"

बायकोचं माहेर साक्रीकडचं. तिची अहिराणी लगेच बाहेर आली. "मांगे घडी करी ठेयेल शे, आबा. बसनं शे का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. "अहो, यांचं गाव इथून जवळच आहे. तुम्ही चहा घ्या."

आबांनी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली आणि माझी बायको त्यांना घेऊन निघून गेली.

एक चहा झाला. दुसरा झाला. टपरीवाल्याने विचारलं, "भाऊ, गाडी तुमचीच ना?" मी म्हणालो, "तिची." एवढ्या वर्षांत मी तिला अशी एकटी, माझ्याकडे पाठ करून, भरधाव जाताना कधी बघितलंच नव्हतं. काळजी वाटायला हवी होती. वाटली ती थोडी असूया आणि पुष्कळ कौतुक.

अर्ध्या तासाने ती आली. केस पार विस्कटलेले, चेहरा धुळीने माखलेला.

"एवढा वेळ?"

"घरापाशी सोडलं, तर उतरेचनात. म्हणाले, 'गावमातून एक चक्कर मार व बेटी, बठ्ठासले दखू दे.' मग मारली, सगळ्यांना दाखवत. देवळापाशी त्यांचे थोरले भाऊ बसले होते. बोलणं बंद आहे म्हणे दोघांचं. तिथे मला गाडी हळू करायला लावली."

"मग? बोलले?"

"हॉर्न वाजवायला सांगितला," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. मला गाडीत बसायचंही सुचेना. मी तसाच उभा राहून तिचं हसणं ऐकत होतो.