सात नंबरचा दिवा

ज्योत्स्नाची तंद्री लागते, ही गोष्ट कोरपन्याकडच्या चार गावांना ठाऊक आहे. शाळेत फळ्याकडे बघता बघता ही पोरगी कुठं निघून जायची, ते मास्तरांना कळायचं नाही. कापूस वेचायला नेली तर तिची ओळ अर्ध्यातच राहायची. वडील, देवराव, शेताच्या धुऱ्यावरून हाका मारमारून थकायचे, आणि ही फुटलेल्या बोंडाकडे पाहत उभी. "हे सासरी जाऊन रोज दूध उतू घालन," असं तिची आई म्हणायची. पुढं लग्न झालं, दूधही पुष्कळदा उतू गेलं, सासू बिचारी सवयीनं गप्प बसायला शिकली. आणि नवल बघा, अशा पोरीला राजुऱ्याच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर नोकरी लागली ती सिमेंटच्या कारखान्यात, तीसुद्धा दिव्यांकडे बघत बसायची.

त्या कारखान्यात चुनखडीचा दगड खाणीतून येतो तो लांबलचक रबरी बेल्टवरून. कोसभर झुडपी जंगलातून, मध्ये एका नाल्यावरून, सरपटत येतो तो बेल्ट. त्याच्या कडेनं एक दोरी ताणलेली असते. कुठं काही अडकलं, कुणाचा हात सापडला, की दोरी ओढायची आणि बेल्ट जागच्या जागी थांबवायचा. ठरावीक अंतरावर त्या दोरीचा एकेक खटका आहे. प्रत्येक खटक्याची तार टेकडीवरच्या एका छोट्या खोलीत येते आणि तिथल्या पॅनलमधल्या कार्डाला मिळते. आता कार्ड म्हटलं की पत्त्यांतलं पान डोळ्यांपुढं आणू नका. विटेएवढी प्लास्टिकची डबी असते ती, तोंडावर सोळा बारीक हिरवे दिवे. खटका ठीक असला की त्याचा दिवा लागलेला, दोरी ओढली की दिवा गेला. बाहेर काय चाललंय ते यंत्राच्या कानात सांगायचं, एवढंच त्या कार्डाचं काम.

बाकीच्यांना ते सोळा दिवे दिसायचे. ज्योत्स्नाला तिथं सगळा रस्ता दिसायचा. दोन नंबरवर पळस, पाचवर गुराख्यांची बसायची शिळा, सातवर नाल्याकाठचा मोह. त्या खोलीत पंख्याची एकसुरी घरघर, खिडकीतून पांढुरकी धूळ तरंगत आत येणारी, आणि ही खुर्चीवर बसून मनानं त्या दिव्यांच्या वाटेनं चाललेली. पायाला माती लागत नव्हती, एवढंच. कामात मात्र ती चुकत नसे, म्हणून तिच्या तंद्रीला कुणी बोल लावत नव्हतं.

खरं चालणं होतं ते इसरूभाऊंचं. इसरू जिवतीकडच्या पहाडावरचा गोंड माणूस, पन्नाशीच्या पुढचा, बोलणं मोजकं. बेल्टच्या कडेनं फिरून खटके बघायचे हे त्यांचं काम. कार्डाचं काही निघालं की दोघांची जोडी जमायची आणि वॉकीटॉकीवर त्यांचं ठरलेलं बोलणं चालायचं. इसरूभाऊ दोरी ओढून सांगायचे, "ओढला." दिवा गेलेला बघून ही म्हणायची, "गेला." मग ते खटक्याचा दांडा हातानं वर करून म्हणायचे, "बसवला." दिवा लागला की ही म्हणायची, "आला. चला पुढं." सोळा खटके होईस्तोवर एवढेच शब्द, आणि ते ज्याचे त्याचे. वर्षानुवर्षं त्यात बदल नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून कुठलंसं लांबच लांब गाणं म्हणून राह्यले.

मोह गळायचे दिवस होते. सकाळीच बेल्ट थांबला. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर चार ठिकाणी दोरी ओढल्याचं दिसत होतं. इसरूभाऊ जाऊन बघून आले, चारही खटके जागेवर. मग ज्योत्स्नानं मीटर लावला. खटक्याकडून वीज कार्डापर्यंत नीट येत होती, पण कार्ड दिवा लावायला तयार नव्हतं. खात्री करायला तिनं ते कार्ड शेजारच्या कार्डाच्या जागी बसवलं, तर दुखणंही त्याच्यासोबत शेजारी गेलं. म्हणजे तार निर्दोष, कार्डच गेलेलं. तिनं पॅनलची वीज बंद केली, तारांसकट पुढची पट्टी अलगद ओढून बाजूला केली, जुनं कार्ड सरकवून काढलं आणि स्टोअरमधून आलेलं नवं तिथं बसवलं. वीज दिली तसे सोळाही दिवे हिरवेगार लागले. तिला इतकं बरं वाटलं की ती क्षणभर बघतच राहिली.

नवं कार्ड टाकलं की सगळे खटके एकेक करून तपासावे लागतात. अशा वेळी बेल्टच्या मोटारीची वीज तोडून कुलूप घालायचा नियम आहे. पण दोरीच तर ओढायची, बेल्टवर कोण चढायला जातंय, म्हणून त्या दिवशी ते राहून गेलं. तसं ते पुष्कळदा राहायचं. कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे इंजिनियर प्रफुल साहेब होते, स्वभावानं गरीब माणूस, पण भट्टीचा दगड संपत आलेला आणि वरून फोन चालू. तपासणी झाली आणि सगळं ठीक दिसलं की मी बटण दाबतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

एक ते सहा सुरळीत झाले. ओढला, गेला, बसवला, आला. इसरूभाऊ सातकडे निघाले. मध्ये वेळ होता. खिडकीतून मोहाचा गोड, जड वास आत आला आणि आमच्या बाई निघाल्या! नाल्याकाठी सडा पडला असेल, पहाटेच बाया टोपल्या घेऊन आल्या असतील, त्या फुलांवर चालताना पावलाखाली कसं मऊ लागत असेल... पंखा घरघरत होता. दिवे डोळ्यांपुढं विरघळून एक हिरवी रेघ झाले होते.

"आला, बाई," वॉकीटॉकीत इसरूभाऊ हळूच म्हणाले.

ज्योत्स्ना दचकली. समोर सोळाही दिवे लागलेले. म्हणजे आपली तंद्री लागली तेवढ्यात भाऊंनी सात ओढला, बसवलाही, आणि आपल्याला पत्ता नाही. तिला स्वतःची लाज वाटली. ते झाकायला ती घाईघाईनं म्हणाली, "आला, भाऊ, आला. चला पुढं."

आणि सात नंबरचा दिवा गेला.

तिनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. वॉकीटॉकी नुसती खरखरली. पडद्यावर प्रफुल साहेबांनाही सात गेलेला दिसला. त्यांनी विचारलं की हेही कार्ड तसलंच निघालं का, कारण त्याच खोक्यातलं एक कार्ड मागं असंच दगा देऊन गेलं होतं. बाकी सगळं लागलंय, उरलेले खटके नंतर बघू, सातचं तेवढं लवकर करा, असंही म्हणाले.

आता यात कुणाची काय चूक? कुणीही तेच केलं असतं जे ज्योत्स्ना करायला निघाली. तिनं सातच्या तारेला मीटर लावला, तर वीजच येत नव्हती. आता कार्डही बघायचं, तर वीतभर तार घ्यायची आणि पॅनलमधलीच वीज त्या जागेला क्षणभर लावायची. दिवा लागला तर कार्ड चांगलं. रोजची तपासणी आहे ही. पण दिवा लागला असता तर पडद्यावर सगळं ठीक दिसलं असतं, आणि प्रफुल साहेबांचं बोट बटणावरच होतं.

तार तिच्या हातात होती. एक टोक खोचून झालं होतं. तेव्हा तिला जाणवलं की मघापासून कानात काहीतरी टोचतंय. भाऊंचा तो आवाज. "आला, बाई." पण आला हा शब्द तिचा होता. इसरूभाऊ ओढला म्हणत, बसवला म्हणत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आला कधी निघालाच नव्हता, कारण दिवा त्यांना दिसतच नव्हता. मग त्यांना दिसलं काय? काय आलं?

मोहाचे दिवस, नाल्याकाठ, आणि इतक्या हळू बोललेला माणूस. रानात त्याचं नाव घेत नाहीत. पहाडावरचा माणूस तर मुळीच घेत नाही. तो नुसतं म्हणतो, आला.

ज्योत्स्नाला स्वतःचं उत्तर आठवलं. आपण त्या माणसाला काय सांगितलं? चला पुढं!

तिनं तार फेकली. पॅनलच्या दारावर भोंग्याचं बटण असतं, बेल्ट चालू करण्याआधी माणसांना सावध करायचं. ते तिनं तळहातानं दाबलं आणि सोडलंच नाही. खाणीपासून कारखान्यापर्यंत सगळे भोंगे एकदम बोंबलायला लागले. दुसऱ्या हातात वॉकीटॉकी धरून ती ओरडली, "साहेब, बेल्टले हात लावू नका. इसरूभाऊ सातवर आहेत, अन् तिथं वाघ आहे." प्रफुल साहेबांनी एक शब्द विचारला नाही. मोटारीची वीज स्वतः जाऊन तोडली आणि जीप पाठवली.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. भोंगा थांबल्यावर अशी शांतता झाली की पंख्याचाही आवाज तिला येईना. ती सात नंबरकडे बघत उभी होती. दोरी कशानंही ओढली जाते. माणूस ओढतो, तोल जाऊन पडणाराही ओढतो, जनावराच्या धक्क्यानंही ओढली जाते. विझलेला दिवा यातलं काहीच सांगत नाही. पण खाली पडलेला दांडा वर बसवायला माणसाचा हातच लागतो. आयुष्यभर जिनं दिव्यांत झाडं पाहिली, नाले पाहिले, तिला त्या काळ्या ठिपक्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. ती देवाची नावं घेऊ लागली, आठवली तेवढी सगळी.

दिवा आला.

प्रफुल साहेब विचारत होते की सात लागला, कार्डाचं काय झालं. कार्ड चांगलं आहे, साहेब, एवढंच तिला सांगता आलं.

जीपमधून इसरूभाऊ खोलीवर आले तेव्हा पँटला धूळ होती, बाकी ओरखडाही नव्हता. ते पाणी प्यायले, आणि विचारल्यावर सांगू लागले. सातजवळ पोचले तर मोहाखाली तो बसलेला, हाकेच्याही अलीकडं. वॉकीटॉकीत दोन शब्द बोलून, बाईचं उत्तर ऐकून त्यांनी ती बंद केली, की तिच्या खरखरीनं तो बिथरायला नको. मग बेल्ट चालू होऊ नये म्हणून दोरी ओढून त्यावर चढले आणि बेल्टवरूनच नाल्यावरच्या उंच भागाकडं सरकत गेले. तो उठून खाली येरझारा घालत होता. भोंगा झाला तसा झुडपांत शिरला. ते वरून बघत बसले, आणि पार पलीकडच्या टेकडीवर गेलेला दिसल्यावरच खाली उतरून त्यांनी दांडा बसवला.

"पाय तं माघारी पळ म्हनत होते, बाई," ते म्हणाले. "पळालो असतो तं पाठीवरच आला असता. पन तुमी आला म्हनल्या ना, तवा मले धीर आला. म्हनलं, बाईले बी दिसला. चला पुढं म्हनल्या, तं मी पुढंच गेलो."

ज्योत्स्नाला खाली मान घालून गप्प राहता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. पण तो विश्वास तिला सोसवेना.

"मले काई दिसलं नाई, भाऊ," ती म्हणाली. "माही तंद्री लागली होती. मी असंच बोलून गेली."

इसरूभाऊंना ते पटलेलं दिसेना.

"दिसलं नाई?" ते म्हणाले. "मंग भोंगा कोनं वाजोला?"

ओढणी तोंडाला लावून ज्योत्स्ना पोरीसारखी रडली, आणि इसरूभाऊ तिचं रडणं थांबेपर्यंत दारात थांबले.