काचेला घातलेला हार

“थांब रे, अजून बसतोय,” असं म्हणून आमच्या प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ एक बोट वर करायचे. समोरच्या माणसानं तोंड मिटायचं, अगदी मॅनेजरनंसुद्धा.

बसत असायचा तो हायड्रोजन, निकेलच्या काळ्या भुकटीवर. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. घाटकोपरच्या आमच्या कारखान्यात तेलाचं वनस्पती तूप व्हायचं ते या भुकटीच्या जोरावर. तिच्यावर वायू किती आणि किती वेगानं बसतो, यावर तिची लायकी ठरते म्हणे. ते मोजायला यांनी भिंतभर काचेच्या नळ्या जोडल्या होत्या. आम्ही कारकून मंडळी त्यांना ‘काचवाले’ म्हणायचो. चहा आला तरी यांची नजर नळीतल्या पाऱ्यावर. मग साय बोटानं बाजूला सारून गार चहा प्यायचा. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं.

एका वर्षी मालकांनी बजावलं, “दसरा झाला की आकडा दाखवा. आपली भुकटी विलायतीच्या तोडीची ठरली तर प्रयोगशाळा राहील.” हे कामाला लागले. मोजण्याआधी नळ्यांतली हवा पंपानं दिवसचे दिवस उपसावी लागे. पंप मध्येच थांबला की त्यातलं तेल उलटं नळ्यांत ओढलं जाई आणि सगळं मुसळ केरात.

खंडेनवमीच्या सकाळी ते अंघोळीपुरते घरी गेले. जाताना बजावलं, “काचेला कुणी हात लावू नका.”

परतले तेव्हा काचेवर झेंडूचा हार होता, पंपाला हळदकुंकू होतं आणि खोली शांत होती. पंपातलं तेल नळ्यांतून चढून भुकटीपर्यंत गेलं होतं.

“काचेक हात सुदिक लावलंय नाय, सायबानु,” देवगडचा आमचा म्हातारा मिस्त्री कौतुकानं म्हणाला. “पंप तेवढो बंद केलंय. चालत्या यंत्राची पूजा करतत काय?”

खरंच होतं त्याचं. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. मला वाटलं, आता हे भडकणार. त्यांनी नळीकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं आणि प्रसादासाठी हात पुढे केला. साखरफुटाणे मुठीतच राहिले. मला मिस्त्रीला बोल लावता येईना, यांना धीर देता येईना.

नवी भुकटी करायला महिना हवा होता. मालकांनी तो दिला नाही. नळ्या उतरवल्या आणि यांना डबे भरायच्या खात्यात बसवलं.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्री ताट घेऊन तिथेही आला. “तुमच्या काचेची पूजा मीच केलंय, आठवता मां?”

“आठवतं तर. छान केली होतीस,” ते म्हणाले. मग उठले आणि डबे बंद करायचं यंत्र स्वतःच्या हातानं थांबवलं.