भिंतीवरचं आडनाव

मुलाला कंपनीनं सिंगापूरला 'ऑनसाइट' पाठवलं आणि कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत मी उगाचच मोठा माणूस झालो. त्यानं बोलावलं म्हणून आईला घेऊन मीही गेलो. चिरंजीवांनी सहलीचं एक्सेल केलं होतं: चित्रांचं संग्रहालय चाळीस मिनिटं, इतिहासाचं पन्नास. एखाद्या चित्रापुढे जरा रेंगाळलं की हे घड्याळ दाखवणार.

"अरे, दुपारी एक ते चार बंद नसतात का ही?" मी विचारलं. "तेवढीच पाठ टेकली असती!"

आईला यातलं काहीच नको होतं. तिला फक्त युद्धस्मारक बघायचं होतं. ती सहा वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ पलटणीत भरती होऊन इकडे आला, तो परत गेलाच नाही. त्याचं नाव एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढाच तिचा हट्ट.

"आजी, मी नेटवर सर्च केलंय. असं नाव नाहीये," चिरंजीव म्हणाले. झालं! संगणक नाही म्हणाला, म्हणजे मामा जन्मलाच नसणार.

तरी गेलो. भिंतीच्या भिंती नावांनी भरलेल्या. मामाचं आडनाव आम्ही दोघांनी वरून खाली शोधलं. नव्हतं. चिरंजीव निघायची घाई करू लागले. आई जागची हलेना.

"आडनाव काय शोधताय? ते आम्ही पुण्यात आल्यावर लावायला लागलो. गावात नुसतं बापाचं नाव सांगायचे."

एक इंजिनिअर, एक निवृत्त हेडक्लार्क, आणि अक्कल शिकवली चौथी पास बाईनं. पाच मिनिटांत सापडला. कुणा कारकुनानं आजोबांचं नावच मामाचं आडनाव करून टाकलं होतं. आईनं त्या अक्षरांवर हात ठेवला आणि हमसून हमसून रडली. मलाही रडू आवरलं नाही. चिरंजीवांनी घड्याळ पाहिलं नाही, हेही नमूद करतो.

दारापाशी अभिप्रायाची वही होती. पिण्याच्या पाण्याची गैरसोय कळवावी म्हणून मी पेन उचललंच होतं. आईनं ते काढून घेतलं आणि सावकाश दोन शब्द लिहिले. मी वाकून पाहिलं. दुसरा शब्द आजोबांचं नाव. पहिलं नाव मात्र कुणा भलत्याच मुलीचं.

"आई, ही कोण गं?"

"मीच की. लग्नात तुझ्या वडिलांनी बदललं. दादाला नवं नाव कुठं माहीत आहे?"